समासातल्या फुल्या

पहिली फुली मला सापडली ती एकशे बाराव्या पानावर. देव आहे की नाही हे माणसाला कधीच कळणार नाही, असं चारशे पानं सांगत बसलेल्या विलायतेच्या एका पंडिताचं ते इंग्रजी पुस्तक. आमच्या वाचनालयासाठी ते मीच मागवलं होतं. मुंबईच्या वाचनालयांत ते हातोहात फिरतंय असं ऐकलं होतं, आणि ठाणं मागे राहायला नको असं मला वाटलं. वाचलं मात्र नव्हतं. परत आलेल्या पुस्तकांची पानं फाटली-मळली नाहीत ना, हे पाहणं चिटणीस म्हणून माझ्याकडे होतं. त्यासाठी ते हातात घेतलं, आणि समासात शिसपेन्सिलीने काढलेली ती बारीकशी फुली दिसली. तिच्या शेजारी अक्षर होतं, ‘पु.’

कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात मी बावीस वर्षं काढली आहेत. जुन्या सनदा, इनामाचे कागद, कोणाच्या तरी आजोबांनी कोणाला तरी लिहून दिलेली दानपत्रं, यांतलं खरं कोणतं आणि बनावट कोणतं हे ओळखणं हा माझा धंदा. कागद उन्हात धरायचा, शाई नखाने खरवडून पाहायची, शिक्क्याच्या कडा भिंगाखाली न्यायच्या. कोणीही उगीच म्हणून कागदावर खूण करत नाही, एवढं त्या बावीस वर्षांत मला कळलं आहे. आमटीत मीठ जास्त पडलं तरी ते कोणी आणि कशासाठी टाकलं याची मी चौकशी लावतो, असं आमची आई म्हणते. म्हणो बापडी.

ते पुस्तक शेवटी नेलं होतं विश्राम मास्तराने, आणि मनात पाल चुकचुकली.

विश्राम मास्तर कोपरीच्या मिशन शाळेत शिकवत असे. ठाण्याला ख्रिस्ती माणसं नवी नाहीत. खाडीकाठची कितीतरी कुटुंबं फिरंग्यांच्या अमलापासून ख्रिस्ती आहेत. त्यांच्याकडून आम्ही मीठ आणि भाजी घेतो, त्यांच्या देवळाच्या घंटेवर आमच्या आळीतली अर्धी घड्याळं लागतात. त्यांचं कोणाला भय वाटत नाही. पण त्यांच्यातलं कोणी वाचनालयात येऊन कपाटातलं पुस्तक मागत नसे. विश्राम मास्तर आला आणि म्हणाला, “रावसाहेब, मला सभासद व्हायचंय.”

मूळचा तो देशावरचा. शहात्तर-सत्त्याहत्तरच्या दुष्काळात आईबाप वाटेतच मेले, आणि मिशनच्या लोकांनी त्याला रस्त्यावरून उचलून नेलं. तिथेच वाढला, शिकला, बाप्तिस्मा घेतला. आता असेल पंचविशीचा. बंद गळ्याचा कोट, डोक्याला साधं पागोटं, बोलणं पुस्तकी, पण मध्येच नगरकडचा एखादा हेल येई. धर्म बदलला आणि नाव मात्र तेच ठेवलं, हे मला पहिल्या दिवशीच खटकलं. मी तसं विचारलंही. म्हणाला, “आईने दिलेलं माझ्याकडे एवढंच उरलंय.” उत्तर चांगलं होतं. इतकं चांगलं उत्तर इतक्या लवकर देणारा माणूस आधी तयारी करून आलेला असतो, असं मला वाटलं.

त्याला नाही म्हणता येईना. ‘कोणत्याही धर्माच्या साक्षर गृहस्थास सभासद होता येईल,’ असा नियम आमचे अध्यक्ष श्रीपादराव वकील यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. तो लिहिताना आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पारशी होते, ही गोष्ट वेगळी.

तर ती फुली. मी सगळं पुस्तक चाळलं. एकतीस फुल्या निघाल्या, आणि प्रत्येकीपाशी ‘पु.’ मी पानांचे आकडे कागदावर उतरवून काढले, त्यांतून काही साखळी लागते का पाहिलं. लागेना. मग सहज पुस्तक जरा तिरकं धरलं, आणि फुलीचा क्रूस झाला!

मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. एकतीस क्रूस! आणि ‘पु.’ म्हणजे काय हे कळायला आता पंडित लागत नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे शब्द त्यांच्या बाजारातल्या व्याख्यानांतून मी शंभरदा ऐकले होते. पु म्हणजे पुत्र. आमच्या पुस्तकांत हा माणूस गुपचूप आपल्या धर्माची बी पेरत होता, तेही पुढच्या वाचणाऱ्याच्या मनाची जमीन नास्तिकाच्या नांगराने उकरलेली असेल अशा ठिकाणी. मला त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं आणि अंगाचा तिळपापडही झाला.

नुसत्या पुस्तकाची गोष्ट असती तर मी रबराने खुणा खोडून गप्प बसलो असतो. पण पुढचा वाचणारा कोण हे मला ठाऊक होतं. मास्तराने परत केलेलं प्रत्येक पुस्तक त्याच दिवशी माझा धाकटा भाऊ घेऊन जात असे.

आनंद माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. पाटीवर त्याचा हात धरून ‘श्री’ मी गिरवून घेतला, त्याची मुंज मी लावली, मॅट्रिक झाला तेव्हा पेढे मी वाटले. मला मूलबाळ नाही, जे आहे ते हेच. आणि आमच्या ओळखीच्या एका घरात मुलगा बाटला तेव्हा बापाने जिवंत पोराचं श्राद्ध घातलेलं मी पाहिलं आहे. त्या पंगतीला मी होतो. पानावर बसून एक घास माझ्या घशाखाली उतरला नव्हता. तो दिवस आपल्या घरात येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

त्याच आठवड्यात आई म्हणाली, “त्र्यंबका, आनंदच्या पळीपंचपात्राला पाणी लागत नाही हो. मी घासून ठेवते ते संध्याकाळी तसंच लखलखीत असतं. हा संध्या करतो तरी कशाने?”

झालं. मी आनंदवर नजर ठेवू लागलो. कचेरी सुटल्यावर वाचनालयात जायचं आणि मोठ्या कपाटाआड यादी लिहीत बसायचं. पलीकडच्या बाकावर हे दोघे. पहिले दोन दिवस मला काही ऐकू आलं नाही, कारण दोघे नुसते वाचत होते. तिसऱ्या दिवशी मास्तर बोलला.

“घाई करू नकोस. आधी आईंना सांग. चोरून करायची गोष्ट नव्हे ही.”

“आई रडेल,” आनंद म्हणाला.

“रडतील. पण तोंडावर सांग. आणि दादांनाही.”

“दादाला? दादा मला उन्हात धरून बघेल, खरा की बनावट ते.”

आणि दोघे हसले. बाप्तिस्म्याची गोष्ट चालली आहे याची माझी खात्री पटली होती. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, त्या घटकेला मला जास्त लागलं ते त्यांचं हसणं.

मी श्रीपादरावांकडे गेलो आणि पुस्तक पुढे टाकलं. त्यांनी चष्मा चढवला, फुल्या पाहिल्या, आणि पोट धरून हसायला लागले. “अहो त्र्यंबकराव, मास्तर आहे तो! मास्तर फुल्या मारणार नाही तर काय रांगोळ्या काढणार? लहानपणी तुमच्या गणितावर कधी फुली पडली नाही वाटतं?”

“आणि ‘पु.’? तेही गणितात येतं?”

“पुरे असेल!” ते म्हणाले, आणि पुन्हा हसले. वकिलाचं काय जातं? त्यांना भाऊ नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आपलं एक पुस्तक बाकावर विसरून गेला. मिशनने छापलेली मराठी प्रश्नोत्तरी होती, त्यांच्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेतात ती. दुसऱ्याचं पुस्तक उघडू नये हे मला कळतं. मी उघडलं. त्यातही फुल्या होत्या, सात, आणि सातही ठिकाणी ‘पु.’ आता मात्र मी चक्रावलो. त्यांच्याच धर्माच्या पुस्तकात पुत्राचं नाव चोरून लिहायची गरज काय? शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी ठरवलं की ही सांकेतिक लिपी आहे, आणि दोन्ही पुस्तकं फडक्यात बांधून सरळ पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर गेलो. तुमचा माणूस आमच्या गावात, आमच्या घरात हात घालतो आहे, त्याला दुसरीकडे हलवा, नाहीतर वर्तमानपत्रात देतो, असं सांगायचं ठरवून गेलो होतो.

साहेब वरांड्यात बसले होते. म्हातारे, किडकिडीत, तीस वर्षं या देशात काढलेले. मराठी बोलत ती छापील. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. वाचनालयाचं पुस्तक त्यांनी उघडलंसुद्धा नाही. प्रश्नोत्तरी मात्र हातात घेतली, आणि पानामागून पान उलटत गेले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मग घंटा वाजवून त्यांनी मास्तराला शाळेतून बोलावून आणायला सांगितलं.

मास्तर आला. हाताला खडू होता. मला पाहून त्याने नमस्कार केला आणि टेबलावरची दोन पुस्तकं पाहून तो तसाच उभा राहिला.

“विश्राम,” साहेब म्हणाले, “आमच्या पुस्तकात तुला सात चुका सापडल्या काय? आणि प्रत्येक ठिकाणी तू पुसा असे लिहिले आहेस. कोणी पुसावे? मी?”

मी पुत्र वाचलं होतं, साहेबांनी पुसा वाचलं होतं.

“पुसा नव्हे, साहेब,” मास्तर म्हणाला. “पुन्हा.”

“पुन्हा काय?”

“पुन्हा करायचं. माझ्या वर्गात फुली म्हणजे चूक नव्हे. फुली पडली की पोरानं ते गणित पुन्हा करायचं, एवढंच. मला जिथं उत्तर येत नाही तिथं मी फुली मारतो, म्हणजे परत तिथं यायची आठवण राहते.” त्याने प्रश्नोत्तरी उचलली आणि न शोधता एक पान काढलं. “इथं विचारलंय, जे प्रभूला न ओळखता मेले ते कोठे आहेत. उत्तर छापलंय. पोरांकडून मी ते रोज म्हणवून घेतो. पण माझे आईबाप वाटेवर मेले, साहेब. आईनं तिच्या वाटणीच्या शेवटच्या मूठभर कण्या माझ्या तोंडात घातल्या. प्रभूचं नाव तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ती त्या उत्तरात बसत नाही. म्हणून फुली.”

मास्तराने आमचं इंग्रजी पुस्तक उचललं.

“आणि हा म्हणतो, माणूस रडतो ते वर कोणी ऐकतो की नाही, हे कधीच कळायचं नाही. दुष्काळात मलाही हेच वाटलं होतं, म्हणून याचा मला राग येत नाही. निम्मं पुस्तक तर मला पटलं. पण मग मला उचलायला एक अनोळखी माणूस गाडी थांबवून उतरला तो का उतरला? याचं उत्तर याच्याकडे नाही. म्हणून त्यालाही फुली. त्याला एकतीस दिल्यात साहेब, आपल्याला सातच.”

तो जरासा हसला. साहेब हसले नाहीत.

“हे संशयाचे बोलणे आहे.”

“मी प्रार्थना सोडलेली नाही. प्रार्थना करूनच पेन्सिल हातात घेतो. कपाटातली पुस्तकं वाचणाऱ्या माणसांना काय उत्तर द्यायचं हे मला शिकायचंय. न वाचता कसं शिकू?”

आता मला लख्ख दिसत होतं. बनावट कागद आणि खरा कागद यांतला फरक मला कळतो, हाच तर माझा तोरा. हा माणूस खरा होता. आणि मग साहेब माझ्याकडे वळले.

“आपण त्या वाचनालयाचे चिटणीस आहा. हा तेथे आमच्या धर्माविरुद्ध बोलतो काय?”

मला ठाऊक होतं. आमच्या रविवारच्या चर्चेत देव नाही म्हणणारे पाच-सहा जण होते. देव आहे म्हणून उभा राहून शांतपणे बोलणारा हा एकटाच असे. आमच्यातले शास्त्री त्या दिवशी घरी झोपत. एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. माझ्या मनात आलं, हा गावातून गेला की आनंद वाचला.

“मला काही ठाऊक नाही,” मी म्हणालो.

मास्तराने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना, असं पाहिलं.

साहेबांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या: सातही खुणा खोडायच्या, आणि ही सर्व उत्तरे मला समजली असून मान्य आहेत असं लिहून द्यायचं. मास्तर म्हणाला, “खोडतो. मान्य आहेत असंही लिहितो. समजली असं कसं लिहू?” तेवढ्या एका शब्दावर त्याची नोकरी गेली. साहेबांनाही ते जड गेलं असावं. पण विलायतेला रिपोर्ट पाठवायचा असतो, मागे दोन शिक्षक आपल्या जुन्या धर्मात परत गेले होते, आणि दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला समजावणं कठीण. निघताना मास्तर पायरीवर थांबला आणि मला म्हणाला, “रावसाहेब, एकदा आनंदला तरी विचारायचं होतं.”

आनंदला मी विचारलं नाही, सांगितलं. जेवताना, जरा ऐटीतच सांगितलं, की तुझा मास्तर चालला.

त्याने हातातला घास खाली ठेवला. “दादा, मी बाटणार आहे असं वाटलं तुला?”

“मी कानांनी ऐकलंय. चोरून करायची गोष्ट नव्हे म्हणत होता तो.”

आनंदने सदरा वर केला. उघड्या अंगावर काही नव्हतं. आई भात वाढत होती, तिच्या हातातली वाटी खाली पडली.

“जानवं काढायचं म्हणत होतो मी. काढलं आज. मला कुठलाच देव नको, दादा. तुझ्याच कपाटातली पुस्तकं वाचून माझं असं झालं, मास्तरांमुळे नव्हे. ते तर रोज भांडायचे माझ्याशी. निम्मं वाचून निकाल देऊ नकोस म्हणायचे. जे करशील ते आईला सांगून कर म्हणायचे. या गावात देवाबद्दल माझ्याशी बोलणारा तेवढा एक माणूस होता.”

तो उठला. पान तसंच राहिलं.

त्यानंतर आनंद घरात नुसता असायचा. रागावला असता, ओरडला असता, तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. तो काही विचारलं तर हो-नाही म्हणायचा. वाचनालयात जाणं सोडलं, पुस्तक हातात घेणंही सोडलं. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी सकाळीच खाडीवर जाऊन बसला, तो दिवस मावळल्यावर घरी आला. मग एक दिवस म्हणाला की मुंबईला रेल्वेच्या हपिसात जागा मिळाली आहे, पुढच्या सोमवारी जातो. परत कधी, असं आईने विचारलं. “कशाला?” एवढंच म्हणाला.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या पुढ्यात येऊन बसली. “त्र्यंबका, त्या मास्तराला घेऊन ये.”

“कोणाला?”

“तोच तो किरिस्ताव. निदान देव आहे असं तरी म्हणतो ना तो? तुझं माझं आता हा पोरगा ऐकायचा नाही. त्याचं ऐकेल. जा.”

सोवळ्यातली माझी आई, परसात ख्रिस्त्याची कोंबडी शिरली तर अंगण सारवून घेणारी. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कल्याणची गाडी धरली.

मास्तर कल्याणच्या बंदराजवळ लाकडाच्या एका वखारीत लागला होता, एवढं श्रीपादरावांकडून कळलं होतं. ऊन चांगलं चढलं होतं. वखारीच्या मागे दोन खणांची जागा, दारात त्याची बायको रतन तांदूळ निवडत बसलेली. मला पाहून ती लगबगीने उठली, तिने आत हाक मारली आणि अंगणात घोंगडी टाकली. मास्तर बाहेर आला. दोन महिन्यांत खांदे उतरले होते. नमस्कार केला, पण उंबऱ्यावरच उभा राहिला.

“बोला, रावसाहेब. आता काय तपासायचंय?”

मी सगळं सांगितलं. आनंदचं जानवं, श्राद्धाचा दिवस, सोमवारची गाडी. साहेबांपुढे मी खोटं बोललो हेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणापुढे हात जोडले आणि म्हणालो, “माझी चूक झाली. तू एकदा चल. त्याच्याशी बोल.”

त्याने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाला, “मी तुमच्या घरी आलो, आनंदशी दार लावून तासभर बोललो, आणि तो दुसऱ्या दिवशी मुंबईला निघून गेला. मग आळीत काय म्हणतील? किरिस्तावाने पळवला. तुम्हीसुद्धा म्हणाल.”

“मी म्हणणार नाही. आईने स्वतः बोलावलंय तुला.”

“लिहून दिलंय त्यांनी?”

“तिला लिहिता येत नाही रे.”

“मग मी काय समजावं?”

समोरच्याच्या तोंडी बोलण्याला काय किंमत असते, हे मी बावीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो.

“आनंदबद्दल मला माया आहे,” तो म्हणाला. “त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो. पण आता दार लावून करतो, आणि कोणाला सांगत नाही. इथल्या मालकाला मी ख्रिस्ती आहे एवढंच ठाऊक आहे, मी वाचतो हे ठाऊक नाही. तेवढं राहू द्या. तुम्ही इथं आला होता, हेही बोलू नका कुठं.”

मी घोंगडीवर बसलो. उन्हाने घसा कोरडा पडला होता. शेवटी मी म्हणालो, “निदान घोटभर पाणी तरी दे.”

मी ते मनापासून म्हणालो होतो. माझ्यासारख्याने त्याच्या घरचं पाणी मागणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. म्हणून तर मागितलं. मला त्याच्या हातचं प्यायचं होतं, रतनच्या, वखारीतल्या आणखी दहा माणसांच्या देखत. ती बिचारी लगेच आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. तोंडावर हसू होतं तिच्या.

मास्तराने हात आडवा धरला.

“रतन, तांब्या आत ने.”

“अवो, पाणीच तर मागत्यात.”

“आत ने म्हणतो ना.” मग तो माझ्याकडे वळला. त्याने हात जोडले. “राग मानू नका, रावसाहेब. वाटेत विहीर आहे, बामणाचीच आहे, तिथं प्या. आज इथलं पाणी प्यायलात, आणि उद्या कोणी विचारलं की या माणसानं तुम्हाला बाटवलं काय, तर तुम्ही काय सांगाल? मला काही ठाऊक नाही, असंच ना?”

तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आतून कडी बसल्याचा आवाज आला. मी उठलो, घोंगडीची घडी करून उंबऱ्यापाशी ठेवली आणि तसाच कोरड्या घशाने स्टेशनाकडे निघालो. त्याला कठोर म्हणायला माझी जीभ वळेना. त्याच्या जागी मी असतो, तर मीही दिलं नसतं.